त्राटिका आडवी पडणार नाही

मी, बुधा रामा भोये, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी तारापूरच्या कारखान्यात हेल्पर आणि जन्मभर बोहाड्याचा, म्हणजे मुखवट्यांच्या नाचाचा, सोंगाडी, राहणार कुंभवली, मूळ गाव जव्हारकडचा आंबेपाडा, कोणाच्याही धाकात नसताना आणि एक घोटही न घेता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला बोईसरच्या डॉक्टरांनी दिला आहे. आमच्या बोहाड्याच्या उत्सव समितीला ते मान्य नाही, हा मी दुसरा दाखला समजतो.

१. कुंभवलीचे दोन खोल्यांचे घर माझ्या पश्चात पत्नी मंजुळा हिच्याकडे ती हयात असेपर्यंत राहील आणि नंतर मुलगा अंकुश याला मिळेल. मंजुळेला तिच्या घरातून बाहेरच्या खोलीत सरकवायचे नाही. बँकेत जे काही निघेल तेही तिचेच. तिने ते नातेवाइकांना उसने देऊ नये. देईलच, पण मी लिहून ठेवले.

२. आंबेपाड्याची डोंगरउताराची वरकस जमीन अंकुशला. तो गुणी पोरगा आहे, बापाला हॉस्पिटलात त्यानेच उचलून नेले. परंतु केळव्याच्या एका रिसॉर्टवाल्याने त्राटिकेचे सोंग जेवणाच्या वेळी मागितले, तेव्हा हो म्हणून आला तोही हाच. मी गेलो. पाहुण्यांना फोटो काढता यावा म्हणून मला पोहायच्या तलावाशेजारी चटकन उताणे पडायला सांगितले. मी पडलो नाही, तसाच चालत बसस्टॉपवर आलो. अंकुशला जमीन मिळेल, त्राटिकेचा मुखवटा मिळणार नाही. त्याने रुसू नये.

३. आता मुख्य गोष्ट. वकीलसाहेब म्हणाले, एवढे लिहायची गरज नाही. गरज मला आहे.

आमच्या बोहाड्यात एकेका घराकडे एकेका देवाचा नाहीतर राक्षसाचा मुखवटा असतो. ते सोंग घेऊन नाचायचा मान त्या घराचा. भोयांच्या घराकडे त्राटिका राक्षसीण आहे. दर वर्षी मुखवट्यावर खळीने कागदाचा नवा थर चढवतात आणि नव्याने रंगवतात. जुना चेहरा आत राहतो, वर नवा येतो. रिवाज असा, की रामाने बांबूचा बाण मारला की सांबळाच्या एका ठोक्याला त्राटिकेने आडवे व्हायचे आणि पुढच्या सोंगाला जागा करून द्यायची. माझा बाप तसाच पडला, आजा तसाच पडला.

एका वर्षी कारखान्यात ओव्हरटाइम लागला. पाड्यावर उशिरा पोचलो, थर घाईने चढवला, रंग ओलाच राहिला. रामाचा बाण लागला आणि माझ्या मनात आले, पडलो तर रंगात माती बसेल. म्हणून गुडघ्यावर आलो आणि मान ताठ ठेवून तिथेच थांबलो. सांबळवाला चंद्रभान गोंधळला. त्याला ठोका संपवता येईना, म्हणून वाजवत राहिला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. मी तेवढ्यात उठलो आणि रामाकडे एक पाऊल टाकले. का टाकले, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसापासून त्राटिका माझी झाली.

नंतर ते पाऊल मी घोटत बसलो. सुट्टीच्या दिवशी बोईसरच्या बाजारात, मुखवट्याशिवाय, कांद्याबटाट्याच्या गाड्यांमधून चालून बघायचो. माणसे बाजूला झाली तर चाल बरोबर, हसली तर चुकली. हसली बरेचदा. नवरात्रात नाक्यावर सोंग घेतले, तेव्हा कारखान्यातला एक बिहारी मित्र म्हणाला, "चाचा, ये मरती क्यों नहीं?" मी म्हटले, तेच शोधतोय.

उत्तर सून सपना हिने दिले. ती तारापूरला पॅकिंगच्या कामावर जाते. बोहाडा बघून घरी आली आणि चूल पेटवता पेटवता म्हणाली, "बाबा, तुमी मरताना खाली का बघता? ज्यानं मारलं त्याच्याकडं बघा ना." मला राग आला. जेवलो नाही. मंजुळा म्हणाली, "बरोबर बोलली म्हणून तुमाला झोंबलं हाय." पुढच्या बोहाड्याला बाण लागल्यावर मी रामाच्या डोळ्यांत बघत राहिलो. रामाने धनुष्य खाली केले. मग त्राटिका आपल्या पायांनी बाहेर गेली.

समितीचा ठराव असा, की माझ्यानंतर हा मुखवटा देवळात काचेच्या कपाटात ठेवायचा, नवा हलका मुखवटा आणायचा आणि त्राटिकेने जुन्या रीतीने पडायचे. याला त्यांनी जतन असे नाव दिले आहे.

तरी मी लिहून देतो, की सदर मुखवटा, पायातल्या घागऱ्या, ब्रश, रंगाचे डबे आणि सोंगाचा मान मी सपना अंकुश भोये हिला देत आहे. समिती म्हणते, बायका सोंग घेत नाहीत. त्राटिका बाईच होती. इतकी वर्षे मी मिशा काढून तिच्या लुगड्यात नाचलो, तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. आता खरी बाई उभी राहिली की बुडतो काय?

अट एकच. सपनाने माझी नक्कल करू नये. माझी ती लंगडी चाल माझ्या गुडघ्यांची होती, तिचे गुडघे चांगले आहेत. माझ्या चेहऱ्यावर तिने खुशाल तिचा थर चढवावा. मी आत असेनच.

४. सोंगाचा धनी गेला की आमच्या पाड्यावर मुखवटा वर्षभर भिंतीकडे तोंड करून ठेवतात. तेवढ्या वर्षात काचेचे कपाट तयार होईल. म्हणून त्राटिकेचे तोंड दाराकडेच ठेवावे. मी होळीच्या सुमारास, बोहाड्याच्या तोंडावर गेलो, तर मला माती देऊन त्याच बोहाड्याला सपनाने उभे राहावे. सुतक माणसाला असते, सोंगाला नाही. मंजुळेने रडायचे असेल तर सांबळ थांबल्यावर रडावे.

५. साक्षीदार म्हणून मी कमलाकांत गावित याला मुद्दाम बोलावले आहे. तो आमचा राम आणि समितीचा अध्यक्ष. ठराव त्याचाच. तो मला म्हणाला, "तू पडत नाय, लोक मला हसतात. बाण पोकळ हाय म्हणतात." त्याचे दुःख मला कळते. पण दोन्ही साक्षीदार बुधाचीच माणसे होती, असे उद्या कोणी म्हणू शकणार नाही. आणि कमलाकांत खोटी साक्ष देत नाही, हे मी पोरपणापासून जाणतो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

ठिकाण: पालघर
दिनांक: १६ जानेवारी २०२५

सही: बुधा रामा भोये

साक्षीदार १: चंद्रभान लखमा वरठा, सांबळवाला

साक्षीदार २: कमलाकांत गावित. बुधानं माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर हाय. मजकूर मला मान्य नाय. सपना उभी राहिली तरी बाण मी मारणार.

(वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराने फक्त सही करायची असते. राहू द्या म्हटले, आणि खाली माझी ओळ घेतली.)

मार. लागल्यावर काय करायचं ते सपना ठरवील. तू फक्त तिच्याकडं बघ.
— बुधा