हातगाडीवरचं रक्त

ता. ९ फेब्रुवारी

चि. पुढारीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

सकाळी दवाखान्याने आपल्या भोंग्याचा देह ताब्यात दिला. दुपारी सगळं उरकलं. तू आलास आणि सभेची वेळ झाली म्हणून निघालास. संध्याकाळी मी दुकान उघडलं, पण शिलाई मशीनवर हात चालेना.

तुला नीट कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिते. तुझ्या प्रचाराची गाडी बाजाराच्या तोंडाशी अडवली. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. आधी काच फोडली, मग आपल्या धाकट्याला, भोंग्याला, केसांना धरून बाहेर ओढलं आणि डोक्यात गज घातले. ड्रायव्हर पळाला. कर्णा चालूच राहिला. खाली त्याला मारत होते आणि वरून त्याचाच आवाज, माझ्या भावाला मत द्या, म्हणून हसत विनवत होता.

उचलायला एकच माणूस पुढे आला, माझ्या दुकानासमोरचा रंगारी. तो तुझ्या विरोधकाची पोस्टरं चिकटवतो, हे खरं. भोंगा त्याला रोज चिडवायचा, की तुझी खळ इतकी पातळ आहे, तुझा उमेदवार भिंतीवरसुद्धा टिकायचा नाही. त्याच माणसाने खळीची बादली रस्त्यात ओतून टाकली, भोंग्याला हातगाडीवर घातलं आणि दवाखान्यापर्यंत पळत नेलं. फळ्यांत रक्त मुरलंय. ते बघून तुझ्या प्रचाराची पोरं त्यालाच खुनी ठरवताहेत. तू व्यासपीठावरून एकदा खरं काय ते सांग. तुझं ऐकतील.

आणि तो आवाज गाड्यांवरून काढ. माझ्या मागच्या खोलीत, खिडकीवर रजई ठोकून त्याने तो रेकॉर्ड केला होता. त्यात शेवटी माझ्या हातून पडलेलं ताट वाजतं. आज संध्याकाळी गाडी गेली तेव्हाही वाजलं.

वेळेवर जेवत जा. माया आहे तशीच आहे.

तुझी ताई

ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मला जेवायला सांगतेस आणि स्वतः चहावर दिवस काढत असशील, हे मला इथे बसून दिसतंय.

ताई, तो आवाज आता काढता येत नाही. माझ्या भाषणांना माणसं गाड्या भरून आणावी लागायची. त्याचा आवाज ऐकून लोक आपणहून दारात येतात, बायका रडतात. तो असता तर म्हणाला असता, की पुढाऱ्या, मेल्यावरही तुझं काम मीच करायचं का?

रंगाऱ्याबद्दल तू लिहिलंस ते मी खरं मानतो. पण विरोधकाच्या माणसाचं कौतुक मी या घडीला केलं तर आपली पोरं थंड पडतील. मतदान होऊ दे. मी स्वतः त्याच्या घरी जाऊन आभार मानीन. तोवर पोरांना आवरायला मेहुण्याला सांगून ठेवलं आहे.

शेवटच्या सभेला माझ्या शेजारी बस. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं.

रागावलीस तरी हात डोक्यावर असू दे.

तुझा,
पुढारी

ता. २० फेब्रुवारी

चि. पुढारीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू निवडून आलास. आत्ताच इथून मिरवणूक गेली.

सभेला मी का आले नाही, ते माझ्याकडूनही तुला कळावं. त्या दुपारी तुझी गाडी आमच्या रस्त्यात शिरली. मागे पोरं होती. रंगारी दारात हातगाडी घासत होता. रक्त धुतोय, पुरावा पुसतोय, असा ओरडा झाला. पहिला गज तुझ्या मेहुण्याने घातला, गुडघ्यावर. मग सगळ्यांनी, जिथे लागेल तिथे. रंगारी ओरडून सांगत होता, की मी त्याला दवाखान्यात नेलं. पण वर भोंग्याचा आवाज चालू होता, कुणालाच ऐकू गेलं नाही.

मी कापडाची कात्री घेऊन गाडीवर चढले आणि कर्ण्याची वायर तोडली. कुणीतरी दगड मारला, भुवईवर टाके पडलेत. पण शांतता झाली. तेव्हा रंगारी एवढंच म्हणाला, की वाटेत भोंगा ताईला सांग, ताईला सांग, म्हणत होता. काय सांग, ते त्याला बोलता आलं नाही. परवा रंगारी दवाखान्यात वारला.

मी पोलिसांत मेहुण्याचं नाव दिलं. खरं काय ते तुला माहीत होतं, मी आधीच लिहून कळवलं होतं, हेही सांगितलं. उमेदवार तुमचे कोण, असं त्यांनी विचारलं. सख्खा भाऊ, म्हटलं. ते तुझ्याकडे येतील. त्यांच्यापुढे खोटं बोलू नकोस.

तुझी ताई अजून आहेच. यापुढचं तू ठरव.

ताई

ता. क. खिडकीवरची रजई आज काढली. तिची घडी घालायला दोघं लागायची, आणि भोंगा मुद्दाम हिसका देऊन माझ्या हातातली टोकं सोडवायचा. आज एक कड हनुवटीखाली धरली. पहिली घडी वाकडी आली. उलगडून पुन्हा घातली.