अर्ध्या गोळीचा वाटा

सरकारी दवाखाना, छत्रपती संभाजीनगर
ता. ८ ऑक्टोबर २०२५

ती. सत्यभामाआत्यास,
सरिताचा शि. सा. न. वि. वि.

बाच्या डाव्या पायाची दोन बोटं काल काढली. पाय वाचला, असं आज सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. साखर चारशेच्या वर गेली होती. मी वाळूजच्या कंपनीत आठवड्याची रजा टाकलीय. सुपरवायझरनं तोंड वाकडं केलं, करू दे.

आता डोकं तापलंय ते वेगळ्याच कारणानं. आपल्या उपकेंद्रातून सोबत आलेल्या कागदावर लिहिलंय, की भिल्ल वस्तीतला रुग्ण, अडाणी, सांगूनही गोळ्या घेत नाही. दर महिन्याला डोंगर उतरून गोळ्या आणणारा माणूस त्या घेत नाही? मग करतो काय त्यांचं? बाला विचारलं तर भिंतीकडं तोंड करून पडला. आत्याला यातलं काही विचारू नको, एवढंच बोलला. म्हणून तुलाच विचारते.

तुझा फोन लागत नाही. रेंजसाठी टेकडीवर जाणं सोडलंस का? अंगणवाडीच्या पोरांनी एवढं आळशी केलं तुला? चिठ्ठी पुंडलिकच्या दुधाच्या गाडीनं धाडतेय. उत्तर त्याच्याकडंच दे.

रागात असले तरी तुझीच,
सरिता


वस्तीवरून
ता. १० ऑक्टोबर

चि. सरितास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाय राहिला हे ऐकून वस्तीनं सकाळचा चहा दोनदा केला. तुझ्या बाला सांग, शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही माद्या, पाठी हायेत.

आता तू विचारलंस ते. गोळ्या मी खाल्ल्या.

दोन वर्षं मला लई तहान लागती, अंग गळतं. उपकेंद्रात तीनदा गेले. तिथला बाप्या म्हणाला, तुझ्या अंगावर मांस नाय, तुला कुठली साखर? बंगल्यातल्या लोकांचा आजार तो. तुम्ही जंगलातली माणसं, भाकरी खाता, डोंगर चढता, तुम्हाला काय होतंय? तीनदा गेले, पण बोटाला एकदाबी सुई लावली नाय. तुझ्या बालाबी त्यानं वर्षभर असंच परत धाडलं, मग कुठं सुई लावून गोळ्या दिल्या, आठवतं का?

तुझ्या बानं मग आपल्या रीतीनं केलं. एकानं पोळं उतरवलं तरी मध घराघरात जातो, आणणाऱ्याचा वाटा सगळ्यांएवढाच. तशी रोज एकेक गोळी दगडावर ठेवायचा, विळ्यानं दोन करायचा. मोठा तुकडा मला. मी नको म्हटलं तर आजाच्या नावानं शपथ घालायचा. दोघांचं भागतंय असं वाटलं आम्हाला.

त्याला बोलू नको. बोलायचं तर मला बोल. टेकडी चढत नाय ती आळसानं नव्हं. चार पावलांत दम लागतो, छाती आवळती. पोरांना खिचडी वाढतानाबी बसावं लागतं. हे बाला कळू देऊ नको.

माया कमी करू नको, पोरी.
तुझी आत्या


दवाखान्यातून
ता. १२ ऑक्टोबर, रविवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी जिन्यात बसून रडले, मग तसंच उठून डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. बाला कळू देऊ नको म्हणालीस, ते नाही पाळलं. त्याच्यासमोरच वाचलं. तो म्हणाला, मोठा तुकडा तिला देत होतो, तरी बिचारीचा दम गेला नाही. आत्या, त्याला अजून वाटतं चूक वाट्यात झाली!

चूक तुमची थोडी आहे. न तपासता दुसऱ्याची गोळी खाणं धोक्याचंच, यावरून बाईंनी मलाच झापलं. पण सुई लावायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या आळसापायी माझ्या बाची बोटं गेली. वर अडाणी ठरला तोच. बाईंनी ती ओळ खोडून खाली लिहिलंय, की रुग्णाच्या बहिणीला तपासणी नाकारली. सही, शिक्का, तारीख, सगळं आहे.

तुझ्या छातीचं त्या थांबवून ठेवू नको म्हणाल्या. छातीची ईसीजीची पट्टी काढायची, रक्त तपासायचं. आजपासून दगडावरची गोळी बंद. टेकडी बंद. आज छाती पुन्हा आवळली तर सोमवारची वाट बघू नको, तशीच पुंडलिकच्या गाडीत बसून इकडं ये. नाहीतर उद्या सकाळी तो तुला उपकेंद्रापाशी सोडेल. नऊ वाजता मी तो कागद घेऊन तिथं उभी असेन. वस्तीतल्या ज्यांना ज्यांना परत धाडलंय, त्या सगळ्यांना गाडीत घे. रांगेत पहिली तू. तिथून आपण थेट इकडं, बाच्या वॉर्डात.

तो बाप्या यावेळीही तुझ्या अंगावरचं मांस बघेल. तू बोलू नको. नुसतं बोट पुढं कर.

लोभ आहे, म्हणूनच एवढी चिडलेय.
सरिता