दगडावरची मोकळी जागा

प्रिय वेलिमिरदादा,

दरवर्षी सुट्टीला गावच्या घरी आलं की आई आधी जेवायला वाढते. यंदा तिने बॅगा अंगणात टाकायला लावल्या आणि आम्हाला थेट दफनभूमीत नेलं. बाबांच्या कबरीवर नवा काळा दगड बसवलाय. त्यावर बाबा, शेजारी आई आणि खाली मी, फोटोसकट. जिवंतपणीच नाव कोरून ठेवायची आपल्या सर्बियात रीत आहे, मान्य. पण फोटो माझ्या लग्नातला आहे आणि त्यातून माझ्या नवऱ्याला कापून टाकलंय.

“सासूबाई, मी कुठे जायचं?” ड्रागुतिनने विचारलं.

“तुला तुझी आई आहे ना,” आई म्हणाली.

माझ्या नावाशेजारची जागा मोकळी होती. “इथे दादाचं नाव का नाही?” मी विचारलं.

“त्याला विचारल्याशिवाय कसं घालू? तो मेलबर्नला असतो. तू लिहून विचार. पाथरवट शनिवारी परत येणार आहे.”

मला कुणीच विचारलं नव्हतं, पण ते असो.

म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, आणि तू खरं उत्तर देशील म्हणून ते पाठवणार नाही. तुझं “पुढच्या उन्हाळ्यात नक्की” ऐकत बाबा गेले. आईला मी सांगून टाकलं, दादा हो म्हणाला.

आज तुझं नाव कोरून झालं. आईने ते एप्रनने पुसलं, जन्मसालावरून बोट फिरवलं.

“पुढचं साल कोरंच राहू दे, त्याची घाई नाही म्हणावं,” ती म्हणाली. “फक्त फोटो द्यायला एकदा येऊन जा म्हणावं.”

तुझी कायमची शेजारीण,
रुझिका