शालूची गोळी

मंगळवार, संध्याकाळी

बायकोच्या, शालूच्या खांद्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिवसातून दोनदा द्यायला सांगितली होती, मी तिला रात्री एकदाच देत होतो. सवय लागंल म्हणून. कुणाला विचारलं होतं मी?

आज उस्मानपुऱ्यात तिच्याकडून खांद्याचा व्यायाम करून घेणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "ह्या हात उचलूच देईनात. गोळी घेऊन येत नाहीत का?"

शालू खाली बघत म्हणाली, "मीच विसरते."

विसरत नव्हती ती. रोज सकाळी गोळी मागायची. मी म्हणायचो, सहन कर जरा. आणि बाईंसमोर? रिक्षा बघतो म्हणून बाहेर आलो.

घरी जाताना रिक्षात तिला विचारलं, "खरं का नाय सांगितलंस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल."

घराजवळ, गारखेड्यापर्यंत आलेली रिक्षा मी परत बाईंकडे वळवली.