सहावा झगा

अंबरपेठ, हैदराबाद
१२ ऑगस्ट १९९४

चि. सायलीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडून कागदावर चालल्यासारखं, आणि मी चौथी नापास. अख्खी सकाळ लावायला गेली. पण कॉलेजात माझ्या झग्यावर काम करायचंय एवढं कळलं आणि तांदळाचं सूप तसंच ठेवून उठले. मुंग्या आता त्यात गेल्या असतील. जाऊ देत.

साठ वर्षं पेटीत पडलाय बिचारा. तुझा बाप त्याला मच्छरदाणी म्हणतो. वरच्या मजल्यावरच्या सुजाताचा नवरा श्रीकांत मुंबईला निघालाय, त्याच्याबरोबर पाठवते. जुन्या धोतरात गुंडाळलाय, धोतर परत पाठव.

सगळी हकीकत विचारलीस, तर ऐक. मी बारा वर्षांची होते. सिकंदराबादेत विलायतेची फिरती नाचमंडळी आली होती, पायाच्या अंगठ्यांवर उभं राहून नाचायची. बॅले म्हणतात ना, तेच. बोटीवर त्यांच्या कपड्यांच्या पेट्या भिजल्या. त्यांची मालकीण मडम माझ्या आबांच्या, म्हणजे तुझ्या पणजोबांच्या, नामदेवराव शिंप्यांच्या, कोठी बाजारातल्या दुकानात आली आणि आठ दिवसांत सहा झगे मागू लागली. आबा बाईमाणसाच्या अंगाला टेप लावत नसत, म्हणून मापं मी घेतली. टेपवरचे इंग्रजी आकडे वाचता कुठं येत होते? मापाएवढी सुतळी तोडून ओळखीला गाठी मारल्या, कंबरेच्या सुतळीला एक, छातीच्या सुतळीला दोन. आबांनी त्या गाठींवरून कापलं! वरचं साटीन उरेब, म्हणजे तिरकं, धरून कापलं. तेव्हा विलायतेत तोच शौक होता, कापड अंगावरून पाण्यासारखं उतरायचं. मडमच्या अंगावरच्या झग्याकडे नुसतं बघून ओळखलं त्यांनी. खाली जाळीचे नऊ थर, त्यांच्या चुण्या माझ्या. खेळाच्या वेळी आम्ही पडद्यामागे उभे होतो. मी नाच बघत होते, आबा शिवणी बघत होते. एक पोरगी तापानं परेशान होऊन मायदेशी गेली, तिचा सहावा झगा मडमनं मला दिला.

खेळाच्या छापील कागदावर मात्र झगे पॅरिसचे म्हणून आलं. आबा हसले आणि परत मशीनवर बसले. मला काही हसू आलं नाही. आता तू कॉलेजात सगळ्यांना खरं सांगशील, म्हणून आज मला काय झालंय म्हणून सांगू! तुझ्या आईनं, मंगलानं, दोनदा विचारलं की एकट्याच का हसताय.

वेळेवर जेवत जा. माझी आठवण तुझ्या उशाशी असू दे.
आजी

मुंबई
२० नोव्हेंबर १९९४

ती. आजीस,
सायलीचा शि. सा. नमस्कार.

आधी वाईट बातमी. मी झगा उसवला. पॅटर्न काढायला दुसरा मार्गच नव्हता. खूप रडले. परत शिवलाय, पण तू चिडशील हे माहीत आहे.

आता चांगली. कॉलेजच्या स्पर्धेत माझं डिझाइन पहिलं आलं! बाहेरची एक कपड्यांची कंपनी इकडे दुकानं उघडतेय, त्यांना माझं अख्खं कलेक्शन हवंय. अजून कॉलेज संपलं नाही आणि हे! ४ डिसेंबरला मासिकवाले तुझा फोटो काढायला हैदराबादला येणार आहेत.

एक गोष्ट आहे, ओरडू नकोस. परीक्षकांनी झगा कुठला म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की आजीचे वडील निजामाच्या काळात जहागीरदार होते आणि पॅरिसच्या नर्तकीनं त्यांच्या मुलीला तो भेट दिला. इथे सगळ्या मुली मोठ्या घरच्या आहेत गं. शिंपी म्हटलं असतं तर म्हणाल्या असत्या, ही घरूनच शिवण शिकून आलीय, त्यात डिझाइन काय? आता ते छापूनही आलंय. खरं सांगितलं तर मी खोटारडी ठरेन आणि कंपनी मला सोडून देईल.

माझी मैत्रीण अपर्णा, तिच्या काकांची तिकडे जुनी देवडी, म्हणजे नवाबी वाडाच, आहे. त्यांनी एक सकाळ द्यायचं कबूल केलंय. तू फक्त सिल्कची साडी नेसून बस आणि विचारलं तर हो म्हण. प्लीज. बाबांना नको सांगू.

माझ्यावर रागावलीस तरी माझीच राहा.
सायली

अंबरपेठ, हैदराबाद
९ डिसेंबर १९९४

चि. सायलीस,
आशीर्वाद आहेतच, ते कुठं जातात? वि. वि.

झगा उसवला म्हणून रडलीस, वेडी का काय! शिंप्याच्या घरात उसवल्याशिवाय कोण शिकलंय? त्याचं मला काही नाही. पुढचं मात्र दोनदा वाचलं. म्हटलं, अक्षर लागत नसेल मला.

गेले मी. तुझ्या बापाला सांगितलं, कोठीवर डोळे दाखवायला जाते. मंगलाची जांभळी सिल्क नेसले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एवढी नटून कशाला म्हणून ती बघतच राहिली. अपर्णाच्या काकांची मोटार कोठीवरूनच गेली. आबांच्या दुकानाच्या जागी आता कॅसेटा विकतात. मी मान वळवून घेतली.

देवडीत एवढ्या उंच खुर्चीवर बसवलं की पाय लोंबकळत होते. फोटोवाली मुलगी गोड होती, आजी आजी करत होती. हात पदराखाली घ्या म्हणाली. उजेड नीट पडत नाही म्हणून म्हणाली असेल, पण सुईनं खरबरीत झालेली बोटं माझी, मला ते लागलं. मग तू त्यांच्याबरोबर पाठवलेला झगा मांडीवर दिला. मी उलटा करून बघितला. चांगला शिवलायस पोरी, अगदी आबांचा टाका. कुठून आला तो तुझ्या हातात, जहागिरीतून?

वडील जहागीरदार होते का, असं तिनं विचारलं. मी हौ म्हटलं. एकदा म्हटल्यावर पुढचं सोपं जातं, नोकर किती, घोडे किती, सगळं सांगितलं. मग तिनं वही काढून वडिलांचं नाव विचारलं. आबांचं नाव ओठावर आलं होतं गं. पण साठ वर्षांनी एकदा छापायचं, ते असल्या खोट्यात? नक्को. तोंडाला आलं ते सांगितलं, आबासाहेब की काय. तिनं लिहून घेतलं.

तर तुझं काम झालं. खुशाल मोठी हो, मी आड येणार नाही. घरी आलीस तर पुरणपोळीही करीन. फक्त ते मासिक मला पाठवू नकोस. फोटो माझा असेल, पण खाली जिच्याबद्दल लिहिलं असेल ती कुणा आबासाहेबांची मुलगी. तिला मी ओळखत नाही.

माझा लोभ काही सुटत नाही, त्याला मी काय करू.
आजी