वेब्लीचं चक्र माझ्याकडे आहे

टल्सा, गुरुवार

प्रिय बाबा,

नीट पोचले, खोली बरी आहे, दोन वेळा जेवतेय. तुम्हाला फोन ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

तुमच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचं गोळ्या भरायचं चक्र शोधत बसू नका, विल्मा आत्यावर ओरडूही नका. ते मी आणलंय. दर रविवारी तुम्ही तिने नेम धरलात की माझा जीव खालीवर व्हायचा.

इथे जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनात ऑरव्हिल नावाच्या जुन्या संग्राहकाला ते दाखवलं. भिंगातून बघून म्हणाला, "हे वापरणारा म्हातारा शाबूत आहे ना अजून?" आजच्या गोळ्या बसाव्यात म्हणून कुणीतरी ते मागून घासलंय. त्या गोळ्यांचा जोर त्याला झेपत नाही. एका भोकाला केसाएवढी चीर गेलीय.

कपाटातली ती दुसरी, पोलिसांची जुनी रिव्हॉल्व्हर वेब्ली घेतलीत त्याच दुकानातली ना? तीही अशीच घासलेली असेल. मी येईपर्यंत तिला हात लावू नका. लावला नाहीत ना? गुडघा कसा आहे?

ऑरव्हिलकडून न घासलेलं चक्र घेतलंय. त्यावरचा नंबर रिव्हॉल्व्हरवरच्या नंबराशी जुळत नाही. "मग ती माझी वेब्लीच नव्हे," असं तुम्ही म्हणणार.

म्हणा. विकायची असेल त्यांनी नंबर जुळवावेत. मला दारात तुमची दहा बोटं मोजायची आहेत.

तुमचीच हट्टी,
लोरेटा