केराबाईच्या गल्लीतलं गवत

६ एप्रिल
पीएचडी या महिन्यात संपवायचीच. विषय भारी आहे. शहरातल्या इमारतींमुळे हवा किती तापते, ते कॉम्प्युटरला शिकवायचं. सोलापूरचे चौकोन पाडलेत. घरं किती उंच, छत कशाचं, गल्ली किती रुंद, एवढं भरलं की मॉडेल तापमान सांगतं. उद्या पहाटे सर्व्हे. निवेदिताला म्हटलं, डबा दे. बायकोच ती, म्हणाली, आधी उठा तरी.

७ एप्रिल
उठलो. नऊला. ऊन मी मी म्हणतंय. उष्णतेवर संशोधन करणाऱ्यानं उष्माघातानं जाणं शोभत नाही. बाल्कनीतूनच आमची बिल्डिंग मोजली. फील्डवर्क सुरू!

१२ एप्रिल
रेल्वे लाइनीपलीकडची पत्र्याची घरं राहिलीत. आमच्या भांडीवाल्या केराबाईची गल्ली तिथंच. ती म्हणाली, या की साहेब, मी दावते समदं. सोमवारी नक्की. नको, सोमवारी जयंतीची मिरवणूक. मंगळवारी.

१५ एप्रिल, दुपार
भाकरी, शेंगाचटणी, वर ताक. डोळा लागला. गाइड शिवयोगी सरांच्या फोननं जाग आली. नकाशा आजच हवा! केराबाईच्या गल्लीचा चौकोन रिकामाच. माहिती नसली की मॉडेल तिथं आपोआप गवत धरतं, म्हणजे गारवा. धरू दे. एवढ्या शहरात एक चौकोन म्हणजे दर्या में खसखस.

२२ एप्रिल
सर खूश. एक संस्था माझा नकाशा बघून जास्त तापणारी छतं फुकट पांढरी रंगवणार आहे. संशोधन समाजाच्या कामी आलं, ऊर भरून आला. आमच्या बिल्डिंगचा पहिला नंबर. केराबाईच्या गल्लीचा नाहीच. गवताला रंग कोण लावतं?

२४ एप्रिल
केराबाईची सून बाळंतीण. बाळाच्या अंगभर घामोळ्या. केराबाई म्हणाली, पत्रा लई तापतो, लेकरू दुपारभर किंचाळतंय. रंगवाले कवा येत्याल, तुमी इचारा की. मी म्हणालो, त्याला शास्त्रीय निकष असतात. नंतर जेवण गेलं नाही. म्हणजे एक भाकरी कमी. उद्या सरांना सगळं सांगणार. छातीठोक.

२५ एप्रिल
सरांना फोन केला. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, तुझ्याइतका प्रामाणिक विद्यार्थी पाहिला नाही. यावर माणसानं काय बोलायचं? मेल्याहून मेल्यासारखं झालं. केराबाईला टेबलफॅन देऊन टाकला. जुना आहे, पण फिरतो.

३० एप्रिल
छत रंगवून झालं. घर गार. निवेदितानं पहाटे पंखा कमी केला. मला मात्र घाम.

२ मे
केराबाईनं विचारलं, दुपारचं लेकराला तुमच्या जिन्यात निजवू का, हितं गार लागतंय. मी म्हणालो, जिन्यात कशाला, हॉलमध्ये निजव. निवेदितानं माझ्याकडे रोखून पाहिलं. तिला गवताचं माहीत आहे.

बाळ सतरंजीवर शांत झोपलंय. केराबाई पदरानं वारा घालत सुनेला सांगत होती, साहेबांवानी माणूस न्हाय, त्येंच्यामुळं तर आपल्या लेकराला गारवा घावला. मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसलं. तिच्या चौकोनात गवत तसंच, हिरवंगार.

निवेदिताला हळूच म्हणालो, उद्या पहाटे सर्व्हे. ती म्हणाली, उद्या कशाला, आत्ता ती निघाली की तिच्याबरोबरच जा.

मी म्हणालो, एवढ्या उन्हात?